समुद्रपाखरांचा पंचनामा

धर्मराजने उभ्या आयुष्यात दोनच गोष्टी सही-शिक्क्याशिवाय केल्या. एक म्हणजे अंजनीशी लग्नाला होकार दिला. दुसरी म्हणजे शहाऐंशी सालच्या थंडीत, सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्यांच्या मधोमध उभं राहून तो तिला म्हणाला, "समुद्रावरची पाखरं ना? दाखवतो की. होडीनं नेतो."

पहिल्या गोष्टीचा त्याला कधी पस्तावा झाला नाही. दुसरीचा व्हायला जिना उतरण्याइतकाही वेळ लागला नाही, कारण गोधड्यांच्या पलीकडे हिंदुराव ऊन खात बसले होते. हिंदुराव साताऱ्याकडचे, पेन्शनीत निघालेले, आणि जगातल्या कुठल्याही विषयावर विचारल्याशिवाय सांगणारे. त्यांच्या कानावर गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत अंबरनाथ स्टेशनावर पोचायची आणि रात्रीपर्यंत बदलापुराहून उलट आपल्यालाच ऐकू यायची.

धर्मराज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होता. त्याच्या खिडकीतून चिठ्ठीशिवाय वॉशरसुद्धा हलत नसे. एकदा मॅनेजरसाहेबांच्या केबिनमधला दिवा गेला, तेव्हा त्यांनाही त्याने अंधारात बसून मागणीपत्र भरायला लावलं होतं. असा माणूस तोंडी शब्द देऊन बसला, त्याअर्थी मामला साधा नव्हता.

अंजनी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. आदल्या वर्षी तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि पुढचे चार महिने ती खिडकीपाशी खाटेवर पडून होती. खिडकीत काय होतं? एक शेवग्याचं झाड, मागे कारखान्याची चिमणी, आणि त्यांच्यामध्ये हातभर आभाळ. पण त्या हातभर आभाळातून पाखरं जायची. अंजनीने उशाला वही घेतली आणि दिसेल ते पाखरू लिहायला लागली. ताप उतरेल तसा आवाज परत आला, आणि एके सकाळी स्वयंपाकघरात चहा गाळणाऱ्या धर्मराजला ऐकू आलं:

पाखरा रे पाखरा, तुझ्या पायाला नाही माती
माझ्या खिडकीच्या गजाला, तुझी दोन घटका वस्ती

त्या दिवशी त्याने चहात साखर दोनदा घातली, आणि दोघांनीही तो मुकाट्याने प्यायला.

पुढे अंजनी हिंडू-फिरू लागली आणि वही तिच्याबरोबर हिंडू लागली. मोरिवलीचा नाला, शहाडच्या पुलाखालचं पाणी, बदलापुराच्या बारवी रस्त्यावरची भातशेतं. नव्वद झाले, पंचाण्णव झाले, नव्याण्णव झाले, आणि तिथे गाडी अडली. इकडची सगळी पाखरं लिहून झाली होती. उरली ती समुद्रावरची.

एवढंच असतं तर धर्मराजने रजेचा अर्ज टाकला असता आणि मोकळा झाला असता. पण भाद्रपदात कधीतरी, गवार निवडता निवडता, अंजनी सहज म्हणून गेली होती, "शंभर झाले की वही बंद. मग माझं सगळं बघून झालं बघा." ती हसली आणि गवारीच्या शिरा कागदात गुंडाळून उठली. धर्मराज मात्र तिथेच बसून राहिला. सगळं बघून झालं म्हणजे काय? हे वहीबद्दल होतं की आणखी कशाबद्दल? त्याने विचारलं नाही. असलं काही विचारायचा छापील फॉर्म नसतो. पण त्या दिवसापासून त्याच्या मनात एक काटा राहिला: शंभरावं पाखरू तिला दिसावंही, आणि दिसूही नये. तेच पाखरू दाखवायचा शब्द गच्चीवर त्याच्याच जिभेने देऊन टाकला, कारण तिचा चेहरा त्या क्षणी खिडकीतल्या आभाळाएवढा लहान झाला होता आणि त्याला ते बघवलं नाही.

असो. शब्द दिला तर दिला. आता काम रीतसर व्हायला हवं होतं.

कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवार ठरला. त्याच्याच खात्यातला मदतनीस सुदाम, त्याची बहीण उरणला दिलेली, आणि तिच्या शेजारी हरिचंद्र तांडेल. करंज्याला त्याचा स्वतःचा मचवा. सुदाम सांगावा घेऊन आला की हरिचंद्र न्यायला तयार आहे, फक्त विचारतोय, तीथ कुठली? धर्मराजने सांगून पाठवलं, तीथ-बीथ आम्ही बघत नाही, आम्ही शुक्रवार बघतो. त्यावर हरिचंद्राचा उलटा निरोप आला, तो मात्र जसाच्या तसा सांगायला हवा: "तुमी नका बघू. पन खाडी बघते. त्या शुक्रवारी दशमी. दहाच्या आत मचवा भायेर काढला पायजे, नायतर तो गाळात बसतो, तो संध्याकाळी उठतो."

धर्मराजने त्याची नोंद केली: निघण्याची वेळ, दहाच्या आत. पहिल्या पाळीला माणसं सातला हजर होतात, तेव्हा तीन तास हाताशी. काळजीचं कारण नाही.

मग परवानगी. मासेमारीच्या मचव्यातून माणसं न्यायची तर काहीतरी लेखी असावं, ही त्याची धारणा. म्हणून तो अर्धा दिवस रजा टाकून एका कचेरीत गेला. तिथल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला आणि पक्षी म्हणजे वनखातं, असं सांगून पुढे पाठवला. वनखात्यातल्या गृहस्थांनी विचारलं, पक्षी झाडावर बसतात का? नाही, पाण्यावर. मग मत्स्यखात्याकडे जा. मत्स्यखात्याने अर्ज आत्मीयतेने वाचला, चहाही पाजला, आणि सांगितलं की पक्षी हा मासा नव्हे, हे तुम्हांलाही मान्य असेल. धर्मराजला ते मान्य करावं लागलं. तीन कचेऱ्यांचे तीन शिक्के मात्र त्याने अर्जावर घेतले, 'अर्ज मिळाला' एवढेच, आणि ते पाकीट छातीशी धरून घरी आला. काहीच नसण्यापेक्षा बरं.

इकडे दोघांच्या सहलीला पालवी फुटत होती. हिंदुराव येणार, हे त्यांनी स्वतःच जाहीर केलं, कारण समुद्रावर एक अनुभवी माणूस लागतो. हिंदुरावांनी समुद्र चौपाटीवर बसून पाहिलेला होता, तोही भेळ खाताना. तळमजल्यावरच्या बनूबाई येणार, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. बनूबाई इस्पितळात आया होत्या. अंजनीच्या आजारपणात रोज ड्यूटी सुटली की पिशवी खाली न ठेवता आधी वर यायच्या, तिचे केस विंचरायच्या, आणि मग घरी जायच्या. त्यांनी स्टोव्ह, पातेलं आणि दोन किलो कांदे बांधून ठेवले. मग सुदाम, सुदामची बायको, हिंदुरावांचे व्याही, समोरच्या बिऱ्हाडातली चौघं. अकरा झाली.

दुर्बिणीसाठी धर्मराज उल्हासनगरला टेकचंदकडे गेला. टेकचंदचं फर्निचरचं दुकान होतं, पण त्याच्याकडे मागाल ते मिळायचं, आणि नसलं तर गुरुवारपर्यंत तयार व्हायचं. त्याने कपाटातून एक काळी जाडजूड दुर्बीण काढली. पेटीवर परदेशी अक्षरं होती.

"जर्मन?" धर्मराजने दबल्या आवाजात विचारलं.

"साईं, तुमसे झूठ नहीं बोलूंगा," टेकचंद म्हणाला. "पेटी जर्मन आहे. आत आपला माल. पण काच बघा, काच एकदम ईमानदार."

काच खरोखरच इमानदार होती. रस्त्यापलीकडच्या पापडवाल्याच्या भुवईवरचा तीळ दिसला. टेकचंदला सहल कशासाठी ते कळलं, भाभींची तब्येत विचारून झाली, आणि त्याने दुर्बीण तशीच हातात ठेवली, वर सोफे पोचवायचा टेम्पोही ड्रायव्हरसकट देऊ केला. धर्मराजने पावती लिहून द्यायला कागद काढला तर तो रागावला. सोसायटीत मात्र धर्मराजने दुर्बीण जर्मन असल्याचं सांगितलं. पूर्ण खोटं नव्हतं ते. पेटीपुरतं खरंच होतं.

बोट लागण्यावरचा उपाय हिंदुरावांचा. घाटात एसटी लागते त्यावर अवघा महाराष्ट्र जो करतो तोच: वर्तमानपत्राची घडी सदऱ्याच्या आत पोटाला लावून वरून घट्ट बांधायची. कागद मळमळ शोषून घेतो, असं त्यांचं शास्त्र. फक्त समुद्र घाटापेक्षा मोठा असल्यामुळे एका घडीने भागणार नाही, रविवारची पुरवणीसुद्धा लावावी. अंजनीने हसत हसत का होईना, पदराखाली अंक बांधला.

आणि धर्मराजने आपल्या बाजूने एक कागद तयार केला. अकरा माणसं न्यायची, अकरा परत आणायची, तर यादी हवी. त्याला यादी लिहायची एकच पद्धत ठाऊक होती. कोऱ्या डिलिव्हरी चलनावर कार्बन घालून तीन प्रतींत त्याने लिहिलं: 'मालाचे वर्णन: व्यक्ती. नग: अकरा. कोठून: अंबरनाथ. कोठे: खोल समुद्र. मार्गे: मचवा. परतीचा माल: होय.' शेवटच्या 'होय'खाली त्याने दोन रेघा ओढल्या. त्या का ओढल्या ते विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

शुक्रवारी पहाटे टेम्पो निघाला. सोफ्यांच्या सरसाचा वास, कांद्यांचा वास, आणि तळोज्यापर्यंत दाट धुकं. टेम्पो खड्ड्यात गेला की अकरा पोटं कुरकुरायची. पनवेलच्या अलीकडे उजाडलं तेव्हा शेतातल्या तारेवर एक खंड्या बसला होता. अंजनीने त्याला हात केला, ओळखीच्या माणसाला करावा तसा. तो तिचा सतरावा.

करंज्याच्या बंदरावर ते साडेसातला पोचले. पाणी काठोकाठ भरलेलं, मचवा त्यावर डुलत होता आणि हरिचंद्र नारळ घेऊन उभा होता. मचव्यावर पाय ठेवण्याआधी पाहुण्यांनी दर्याला नारळ द्यायचा. इथे धर्मराजपुढे प्रश्न पडला. त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून घरात नारळ फोडला तो फक्त चटणीसाठी. त्याने हे हरिचंद्राला नम्रपणे समजावलं. हरिचंद्राने तितक्याच नम्रपणे आपलं सांगितलं. हिंदुरावांनी दोन्ही बाजूंनी बोलून वाद वाढवला. शेवटी बनूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी निवाडा केला: "अरे, नारळ तुझा, समुद्र तुझा, तू फोड. आम्हांला भूक लागली आहे, आम्ही खाऊ." दोन्ही पक्षांच्या श्रद्धेला धक्का न लागता खोबरं वाटण्यात आलं.

पण एवढ्या घोळक्यावर लांबून कुणाची तरी नजर होती. तो काळ असा, की रात्री-अपरात्री किनाऱ्यावर सोन्याची बिस्किटं नि घड्याळं उतरायची, आणि कस्टमच्या चौकीवरचा शिपाई किनाऱ्यावर दुर्बीण बघितली की ताठ व्हायचा. तो आला. कुठून आलात? कुणीतरी म्हणालं, उल्हासनगरच्या टेम्पोने. कशासाठी? पक्षी बघायला.

शिपायाने अकरा जणांकडे पाहिलं, कांद्यांकडे पाहिलं, आणि सगळ्यांना चौकीत चला म्हणाला.

चौकीतले साहेब पन्नाशीचे, सर्दी झालेले, गळ्यात मफलर. त्यांनी आधी दुर्बीण घेतली. परदेशी माल, ड्यूटी भरल्याची पावती? धर्मराजच्या आयुष्यातला हा अवघड क्षण. बाजूला हिंदुराव, सुदाम, सुदामची बायको, सगळे जर्मन दुर्बिणीच्या मालकाकडे आदराने बघत होते. धर्मराजने मान खाली घातली आणि म्हणाला, "साहेब, पेटीच जर्मन आहे. दुर्बीण उल्हासनगरची." त्याच्या इभ्रतीचा हा पहिला हप्ता.

मग साहेबांनी कागद मागितले. धर्मराजला जरा धीर आला. कागद ही त्याची जमीन. त्याने तीन शिक्क्यांचा अर्ज आणि चलनाची मूळ प्रत पुढे केली. साहेबांनी चलन वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"अकरा नग," ते म्हणाले. "खोल समुद्रात जाणार, आणि परतीचा माल होय. परत येताना नग तेवढेच राहणार, की वाढणार?"

धर्मराज सांगायला पुढे झाला आणि त्याचं पोट कुरकुरलं. कोरडं, कागदी. साहेबांचे कान टवकारले. त्यांनी शिपायाला खूण केली; शिपायाने हिंदुरावांच्या पोटावर हात ठेवून दाबला. हिंदुराव कुरकुरले. व्याही कुरकुरले. सुदाम तर श्वास घेतला तरी कुरकुरत होता. सोनं आणणारे ते पोटालाच बांधून आणतात, हे साहेबांना वीस वर्षांच्या नोकरीत पाठ झालेलं. पण एकाच वेळी एवढी पोटं त्यांनीही पाहिली नसावीत. ते हळूहळू खुर्चीतून उठले.

बनूबाईंनी कुणाची वाट पाहिली नाही. भिंतीकडे तोंड करून त्यांनी आपला अंक काढला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. "घ्या. कालचा आहे, पण वाचला नसेल तर वाचा."

एकामागून एक अकरा अंक निघाले, पुरवण्यांसह. साहेबांनी ते उजेडात धरून बघितले, झटकले, मोजले आणि मुद्देमाल म्हणून कोपऱ्यात रचून ठेवले. हे का बांधलं, याचं हिंदुरावांनी शास्त्रोक्त स्पष्टीकरण दिलं. ते साहेबांना पटलंही, कारण त्यांची आईसुद्धा घाटात तेच करायची. प्रकरण इथेच मिटायचं. पण शिपायाच्या हाती अंजनीची पिशवी लागली होती आणि पिशवीत वही होती.

साहेबांनी मधलंच पान उघडून मोठ्याने वाचलं. "'शहाड पुलाखाली, सकाळी सहा चाळीस, दोन काळे, एक पांढरा. मोरिवली नाला, सहा वीस, चार आले, एक खाली उतरला नाही. बारवी रस्ता, जोडी, मादी लपून होती.'" त्यांनी वही मिटली. आवाज बदलला होता. "बाकीच्यांनी बाहेर बसा." मग धर्मराजकडे बोट केलं. "चलन तुमचं. तुम्ही थांबा."

अंजनीने वहीकडे बघितलं. बनूबाईंनी तिचा हात धरला आणि तिला बाहेर बाकावर नेऊन बसवलं. बाहेर खाडीचं पाणी एक पायरी उतरलं होतं.

आत साहेबांनी शेवटचं पान काढलं. "नव्याण्णववर थांबलंय. शंभरावा आज येणार होता?"

"हो, साहेब."

"काय आहे शंभरावा?"

आता ह्या प्रश्नाला धर्मराज सरळ उत्तर देऊ शकला असता: पाखरू आहे. पण सकाळपासून त्याची दुर्बीण गेली होती, चलनावर संशय आला होता, पोटावरचा कागद टेबलावर पडला होता, आणि माणसाची एवढी झडती झाली की आतलं काही आपोआप बाहेर येतं. त्याने सांगायला सुरुवात केली. ऑपरेशन सांगितलं. खिडकी, शेवगा, हातभर आभाळ सांगितलं. पहिल्या पानावरचं अक्षर बघा म्हणाला, किती वाकडं आहे, तेव्हा तिला पेन धरवत नव्हतं. विसाव्यापासून सरळ होतं. चाळिसाव्याला ती उठून बसली. त्रेपन्नावा गच्चीवरचा, जिना चढून गेली त्या दिवशीचा. मी वही वाचतो साहेब, तिला न सांगता. मला त्यातलं एकही पाखरू ओळखता येत नाही. मी नुसता नंबर बघतो.

साहेब ऐकत होते. नाक शिंकरायचंसुद्धा राहिलं.

"ती म्हणते, शंभर झाले की बंद. सगळं बघून झालं म्हणते."

"मग," साहेबांनी विचारलं, "तुम्हांला शंभरावा दिसायला हवाय, की नको?"

"तेच मला कळत नाही, साहेब. चार महिने झाले."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. ह्यातलं काही जबाबात घ्यायचं कुठल्या रकान्यात, हा प्रश्न त्यांनाही पडला असावा. मग ते उठून खिडकीशी गेले. पाणी ओसरून गेलं होतं. हरिचंद्राचा मचवा एका कुशीवर कलंडून गाळात बसला होता, म्हशीसारखा निवांत, आणि हरिचंद्र त्याच्या सावलीत बिडी ओढत होता. दहा वाजून वीस मिनिटं.

धर्मराजनेही ते पाहिलं. त्याच्या खांद्यातून काहीतरी गळून पडल्यासारखं झालं. सुटका म्हणावी, तर तोंड का कडू झालं? बाहेर बाकावर अंजनी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती आणि गाळाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर पुन्हा ते खिडकीएवढं आभाळ आलं होतं. तेव्हा धर्मराजला कळलं, की आपल्याला दिसायलाच हवाय. मग पुढे जे होईल ते होवो.

"साहेब," तो म्हणाला, "आमची वही ठेवा, मला ठेवा. पण तिला एवढं दाखवून आणा."

साहेबांनी मफलर गुंडाळला. आणि मग सरकारी नोकरीत वीस वर्षं काढलेला माणूस जसं बोलेल तसे ते बोलले. म्हणाले, तुमचं निवेदन मी असंच खरं धरू शकत नाही. समुद्रावर पक्षी आहेत असं तुमचं म्हणणं. ते आहेत की नाहीत याची प्रत्यक्ष जागेवर खातरजमा करावी लागेल. संशयितांना सोबत घ्यावं लागेल. पंच लागतील. गस्तीची लाँच खोल पाण्यात उभीच आहे, तिला तसंही अकराला निघायचं आहे.

धर्मराजला हे ऐकून जे वाटलं ते असं, की कागदपत्रांवरची आपली श्रद्धा अगदीच वाया गेली नाही. कुठल्यातरी खुर्चीत असा माणूस बसलेला असतो.

तर अशा रीतीने अंबरनाथचे अकरा संशयित सरकारी लाँचमधून समुद्रात गेले. पंच म्हणून एक साहेबांनी बंदरावरून घेतला तो हरिचंद्र, आणि दुसरा टेकचंदचा ड्रायव्हर, कारण तो सकाळपासून टेम्पोत झोपलेला असल्यामुळे निःपक्षपाती होता. खाडीचं तोंड मागे पडलं आणि लाँच नाचायला लागली. कागद सगळे मुद्देमालात अडकलेले, पोटं उघडी. पहिले हिंदुराव गेले. कठड्याला धरून ते ओणवले आणि तशा अवस्थेतही मागे वळून म्हणाले, "बघा. कागद काढला की असं होतं." त्यांच्या शास्त्राला इतका सज्जड पुरावा दुसरा मिळाला नसता. मग व्याही, मग सुदाम, मग समोरच्या बिऱ्हाडातली चौघं ओळीने. धर्मराजला जरा उशिरा लागली, पण लागली तेव्हा काटकसर केली नाही.

तोंड पुसून त्याने मान वर केली तर पुढून एक मासेमारीची बोट जाळं ओढत परत येत होती, आणि तिच्यामागे धूर निघावा तशी पाखरं. शेकड्यांनी. पांढरी, राखी, उन्हात पंख पलटले की चांदीची. ती पाण्यावर पडत, उठत, भांडत, एकमेकांच्या चोचीतलं ओढत होती. असा कालवा की इंजिनाचा आवाज बुडाला. अंजनी लाँचच्या नाकापाशी उभी होती. वारा पदर उडवत होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. तिला मळमळ शिवलीसुद्धा नाही.

बनूबाई दोरखंडावर मांडी घालून बसल्या होत्या. त्या आपल्याशीच गुणगुणायला लागल्या:

पाण्याच्या गळ्यात बाई, पाखरांची गं माळ
मोजता मोजता माझी, सरून गेली सकाळ

साहेबांनी मांडीवर पॅड घेतलं. "बाई, सांगा. पंचनाम्यात लिहायचंय. कोणता पक्षी?"

"कुरव," अंजनी साहेबांनी परत दिलेल्या दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाली. "लाल चोचीचे. थांबा, थांबा, हे सगळे कुरव नाहीत. त्यात ते बारीक पंखांचे बघा, डोक्यावर काळे केस विस्कटल्यासारखे, चोच पिवळी. ते सुरय. तो बघा सूर मारला."

"मग आधी कोण दिसला? क्रम लिहावा लागतो."

"अहो, एकदमच दिसले. दोन्ही लिहा ना."

"आमी त्याला येगला नाव सांगतो," हरिचंद्र पंच म्हणून मध्ये बोलला, आणि कोळ्यांची नावं सांगू लागला. ती नावं अंजनीला हवी होती, साहेबांना ती रकान्यात बसवायची होती, ड्रायव्हर म्हणत होता की सगळे एकसारखेच दिसतात आणि आपण तसंच सांगणार. एवढ्यात खडकावर एक काळाभोर बगळा दिसला, पाय पिवळट, आणि अंजनीने साहेबांचा मफलर ओढून त्यांना तिकडे वळवलं. साहेबांनी दुर्बीण मागितली. दोन वर्षं ह्या पाण्यावर ते फिरले होते, पण नजर नेहमी बोटींवर. त्यांनी दुर्बीण लावली ती काढीचनात. "हे रोज असतात इथे?" त्यांनी हळूच विचारलं. मग आभाळातून एक मोठा, पांढऱ्या पोटाचा गरुड आला, पाण्याला नुसता स्पर्श करून मासा उचलून गेला, आणि पंचनाम्याचं अक्षर तिथे जरा हललं.

धर्मराज कठड्याला टेकून, रिकाम्या पोटाने, मोजत होता. शंभर. एकशे एक. एकशे दोन. एकशे तीन.

तिच्या लक्षातही आलं नव्हतं. शंभर केव्हाच मागे पडला होता, त्या कालव्यात कुठेतरी, कुरव की सुरय ह्या भांडणात. ज्या आकड्याची त्याने चार महिने धास्ती घेतली, तो आकडा कधी आला नि कधी गेला हे तिला सांगूनही पटलं नसतं. साहेबांनी दुर्बिणीवरून त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्यांनीही मोजले असावेत.

दुपारी चौकीत पंचनाम्यावर सह्या झाल्या. निवेदनाप्रमाणे पक्षी आढळून आले, संशयास काही जागा उरली नाही. धर्मराजने प्रत मागितली. सरकारी दप्तर देता येत नाही, असं साहेब म्हणाले, आणि मग ते त्याला दाराबाहेर काढेपर्यंत शिंका देत राहिले, हसू लपवायला. वही त्यांनी स्वतः अंजनीच्या हातात दिली. धर्मराज त्यांना काहीतरी चांगलंसं बोलणार होता. मनात वाक्य जुळवलंही होतं. पण बाहेर पडलं ते एवढंच: "साहेब, सर्दीला गवती चहा घ्या."

बनूबाईंचा स्टोव्ह बंदराच्या पायरीवर पेटला. हरिचंद्राने बोंबील आणून दिले. हिंदुराव पोटात काही ठरत नाही म्हणत तीन वेळा जेवले. अंजनी मात्र पायरीवर बसून वहीत उतरवून घेत होती, भराभर, अक्षर सरळ आणि मोठं. शेवटच्या पानाच्या अगदी खाली आली, तिथून समासात शिरली, आणि समासही संपला.

धर्मराज ताट घेऊन तिच्याजवळ बसला. बोंबलाचा काटा काढून त्याने ताटाच्या कडेला ठेवला. मग, शक्य तितक्या सहज, "बंद ना आता वही? तू म्हणाली होतीस."

"मी? कधी?" तिने त्याच्याकडे पाहिलं. खरंच आठवत नव्हतं तिला. तिने घास घेतला, खाडीकडे बघितलं, जिथे भरतीचं पाणी परत यायला लागलं होतं आणि त्याच्या कडेने बारीक पायांची कसलीतरी पाखरं धावत होती, आणि म्हणाली, "ती बघा, ती कोण आहेत तेसुद्धा मला माहीत नाही. अहो, उद्या येताना नवी वही आणा. शंभर पानी नको. दोनशे पानी."

"आणतो," धर्मराज म्हणाला.